टेकड्या लहान, हद्द वाघाची: नागपूरभोवतीच्या भटकंतीची यंदाची नोंद

गेल्या पावसाळ्यापासून हाती घेतलेलं काम एवढंच: नागपुरातून पहाटे निघायचं, दोन-अडीच तासांत पायथा गाठायचा, दिवसभर चालायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. मुक्काम नाही, तंबू नाही. ज्यांना सोमवारी कामावर जावं लागतं त्यांच्यासाठीचा हा हिशेब.

सुरुवात नकाशा रंगवण्यापासून केली. जिथे पायी जाताच येत नाही त्या जागा आधी लाल केल्या. उत्तरेला पेंच, नैर्ऋत्येला बोर, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला. पेंच १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प, बोर २०१४ पासून. तिथे जिप्सीत बसून फिरायचं, पाय खाली टेकवायचा नाही. लाल रंग झाल्यावर नकाशात जे उरलं त्यातल्या बहुतेक टेकड्यांवर एखादं देऊळ, दर्गा किंवा किल्ला निघाला. म्हणजे आपल्याकडच्या पायवाटा ट्रेकर लोकांनी पाडलेल्याच नाहीत. पाडल्यात त्या जत्रेला जाणाऱ्यांनी, गुराख्यांनी, मोहफुलं वेचणाऱ्यांनी. हे एकदा डोक्यात बसलं की वाट शोधणं सोपं होतं. गावात "ट्रेकचा रस्ता कुठला" असं विचारलं तर लोक तोंडाकडे बघतात. "जत्रेची जुनी वाट कोणती" म्हटलं की म्हातारी माणसं ओट्यावरून उठून दाखवायला येतात.

रामटेक, आषाढ

रामटेकला सगळेच जातात, पण बहुतेक जण गाडी थेट वर नेतात. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, मनसरला जबलपूर महामार्ग सोडायचा. गाडी अंबाळा तलावाशी ठेवा आणि जुन्या दगडी पायऱ्यांनी चढा. उंची गावापासून साधारण दीडशे मीटर, म्हणजे सह्याद्रीवाल्यांच्या लेखी गंमतच. पण आषाढात पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर या पायऱ्या बघाव्यात. कडेच्या भेगांतून कोवळं गवत फुटलेलं असतं, ओल्या मातीवर मृगाचे लालभडक मखमली किडे हळूहळू चालत असतात. खाली अंबाळ्याच्या घाटांवर अस्थिविसर्जनाला आलेली मंडळी दिसतात आणि तलावाकाठच्या छोट्या देवळांचे कळस.

वर गडाचे दरवाजे एकामागून एक लागतात. वराह दरवाजापाशी वराहाची भली मोठी दगडी मूर्ती आहे. पापी माणूस तिच्या पोटाखालून निघू शकत नाही, मधेच अडकतो, अशी समजूत. आमच्यातला एक गडी मूर्तीकडे बघत बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "राहू दे बे, आधीच गुडघा दुखून राह्यला." गड मंदिरात गर्दी असतेच. मला मात्र त्याच्या खालच्या अंगाला असलेली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन देवळं जास्त आवडतात. पाचव्या शतकातली, बुटकी, जाड खांबांची, बाहेरून जवळजवळ साधी. आत नरसिंह ऐसपैस बसलेला. तिथे दुपारी कोणी नसतं. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मत मांडलं. गडावर कालिदास स्मारकही आहे. वाद असतील ते असोत, आषाढातला ढग या टेकडीला टेकलेला पाहिला की मिराशींच्या बाजूनं मत द्यावंसं वाटतं.

एक सूचना. वानरांची इथे दादागिरी आहे. हातात पिशवी दिसली की ओढतात. खायचं सगळं पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून.

परतताना मनसरला उतरून हिडिंबा टेकडी चढलो. उत्खननातून वर आलेलं विटांचं बांधकाम, बाजूला तलाव, आणि पलीकडे मँगनीजच्या खाणी. अर्धा तास पुरतो. नगरधनचा किल्लाही त्याच पट्ट्यात येतो, तो चालण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच जागा मानतात.

जुनापाणी आणि एक जुना चालणारा, श्रावण-भाद्रपद

पावसाळ्याच्या मध्यावर लांब जायचं टाळलं. काटोल रोडवर शहराला लागून जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, तिथेच सकाळ घालवली. माळावर मोठाले काळे धोंडे गोलाकार मांडलेले, एक वर्तुळ संपत नाही तोच दुसरं दिसतं. ही लोहयुगातली दफनं. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे रांगेत कोरलेले आहेत. पावसानंतर त्यांत पाणी साचलेलं असतं तेव्हा ते नीट कळतात, एरवी नजरेतून सुटतात. त्यासाठीच पावसाळ्यात जायचं. चढ शून्य, पण आपल्या भागातली फार जुनी माणसांची जागा पायाखाली आहे हे विसरता येत नाही. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी टाकळघाट, खापा, माहुरझरी इथे केलेल्या उत्खननांमुळे या लोकांकडे लोखंडी अवजारं होती, घोडे होते, हे कळलं.

टाकळघाटचं नाव घेतलं की स्टीफन हिस्लॉप आठवतो. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत, पण हा पाद्री मूळचा पायी आणि घोड्यावर दगड गोळा करत हिंडणारा माणूस होता. त्यानं आणि रॉबर्ट हंटरनं १८५० च्या दशकात नागपूरच्या खडकांवर लिहिलं, टाकळीचे जीवाश्म जगापुढे आणले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून बोरीकडे परतताना रात्री फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. नाला मोठा नव्हता. आपल्याकडचे नाले असेच आहेत: सकाळी घोट्याएवढं पाणी, वर कुठेतरी तासभर झोडपलं की संध्याकाळी कंबरेच्या वर, आणि आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं. म्हणून पावसाळ्यात माझा नियम साधा आहे. परतीच्या वाटेवर नाला ओलांडावा लागत असेल तर ती वाट दिवाळीनंतर.

हिस्लॉपला जे दिसलं ते चालणाऱ्यालाही दिसतं. नागपूर नेमकं सांध्यावर वसलंय. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डी काळ्या बेसाल्टची, तिथून पश्चिमेला काटोल-कळमेश्वरपर्यंत सपाट माथ्याच्या टेकड्या. पूर्वेला आणि ईशान्येला गेलं की दगड बदलतो: नाईस, क्वार्टझाइट, अभ्रक चमकणारा शिस्ट, संगमरवर. भूशास्त्राच्या नकाशात या खडकांच्या थरांना मनसर, चोरबावली अशी आपल्याच गावांची नावं आहेत. बुटाखालचा आवाजही बदलतो. काळ्या दगडावर पाय बसतो, पांढऱ्या चुऱ्यावर घसरतो.

कुसळांचा महिना

ऑक्टोबर-नोव्हेंबर हवेच्या दृष्टीनं सर्वांत छान, पण गवत कंबरेएवढं आणि त्याला कुसळं. ज्याला अनुभव नाही त्याला हे कळणार नाही. कुसळाचं टोक सुईसारखं, मागे लांब पिळदार शेपूट. ओल लागली की शेपूट उलगडतं आणि टोक आत आत शिरतं. म्हणजे घामानं भिजलेल्या मोज्यात ते स्वतःहून घुसत राहतं. ओढून काढलं तर टोक आत राहतं आणि दोन दिवस ठसठसतं. यावर बाजारातली महागडी गेटर (बुटावरून पोटरीला गुंडाळायची वेष्टनं) घेऊन पाहिली, त्यांच्या जाळीतूनही शिरतात. शेवटी नागपुरातल्या महाल भागातल्या एका शिंप्याकडून शाळेच्या दप्तराच्या जाड नायलॉनची पोटरीपर्यंतची नळी शिवून घेतली, वर इलॅस्टिक, खाली बुटाच्या लेसला अडकवायला हूक. दोनशे रुपयांत काम झालं. कुसळं त्यावर टिकतच नाहीत, घसरून पडतात. गोचिडांनाही हाच उपाय. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली तपासायचं, हे मात्र सोडू नका.

याच दिवसांत पारशिवनीच्या बाजूला दोन फेऱ्या झाल्या. घोगऱ्याला पेंचचं पाणी पात्रातल्या खडकांच्या खालून जातं. खडकावर कान टेकला तर आतली खळखळ ऐकू येते. तिथून पुढे नवेगाव खैरीच्या धरणाकाठी कुंवारा भिवसेन, गोंड समाजाचं मोठं ठाणं. चैत्रात जत्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, नोव्हेंबरात आपण आणि पाणकावळे. इथे पलीकडच्या टेकडीवर चढायचा विचार होता. बकऱ्या घेऊन चाललेल्या एका बाईंनी थांबवलं. "नाल्याच्या तिकडं नोका जाऊ भाऊ. परवा गोऱ्हा मारला वाघानं." बेत तिथल्या तिथे बदलला, पाण्याच्या काठाकाठानं फिरून आलो. लाल रंगाच्या बाहेर वाघ येत नाही असं कोणी समजू नये. सीमा आपल्या नकाशात असते, त्याच्या नाही. निघण्याआधी वनरक्षकाला किंवा गावात विचारायचं, सूर्य वर आल्यावरच जंगलाच्या कडेला शिरायचं, आणि तिघांपेक्षा कमी असाल तर बोलत चालायचं. पक्षी कमी दिसतात, चालेल.

देवगड, पौष

यंदाचं खरं मिळवलेलं म्हणजे देवगड. सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याच्या रस्त्यानं सिल्लेवानी घाट चढायचा आणि मग मोहखेडच्या बाजूला आत वळायचं. आमच्या अडीच तासांच्या मर्यादेला थोडं ताणावं लागतं, पण नागपूरकरानं एकदा तरी जावंच. १७०२ च्या सुमारास नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह इथला राजा. बारा खेडी मिळून त्यानं शहर उभं केलं असं आपण शाळेत शिकतो, पण तो जिथून खाली उतरला ती जागा बघायला कोणी जात नाही.

जानेवारीत सकाळी घाटात धुकं होतं, वर पोचेस्तोवर उन्हानं निवळलं. किल्ल्याची चढण साग-ऐनाच्या जंगलातून, दमछाक होण्याइतकी पण कठीण नाही. वर नगारखाना, पडलेला महाल, आणि मोती टाकं. टाक्याच्या पायऱ्यांवर बसून डबे उघडले: पोळी, कांद्याचा झुणका, घरची पुडाची वडी. समोर तिन्ही बाजूंना दऱ्या, एकामागे एक निळसर डोंगर. सातपुडा असा जवळून दिसला की "विदर्भात डोंगर कुठे आहेत" हा प्रश्न विचारणाऱ्याला फोन लावावासा वाटतो. लावलाही असता, रेंज नव्हती. खाली गावाभोवती जुन्या बावड्या साफ करून मोकळ्या केल्यात. उतरल्यावर त्यातल्या एक-दोन जरूर पाहा, दगडकाम सुंदर आहे.

बाकीच्या, थोडक्यात

मोहगाव झिलपी: सूर्योदय आणि सायकलवाले. चालायला जेमतेम, कुटुंबासोबत ठीक.

आदासा: गणपतीची टेकडी चढून महादेवापर्यंत, मग धापेवाड्याला विठोबा. आषाढीच्या आसपास टाळा.

आंभोरा: पाच नद्यांचा संगम म्हणतात, पण गोसेखुर्दच्या पाण्यामुळे आता समुद्रच वाटतो. चैतन्येश्वराच्या टेकडीवरून दिसणारं पाणी छान, नवा पूल झाल्यापासून गर्दीही छान. आठवड्याच्या मधल्या दिवशी जमलं तरच जा.

गिरड: उमरेडवरून पुढे. शेख फरीदबाबांच्या दर्ग्याची टेकडी. व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले अशी आख्यायिका, आणि खरोखरच सुपारी-जायफळासारखे गोल दगड पायाखाली येतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट ते. उचलून आणू नका, दर्ग्याचं आहे ते. फेब्रुवारीअखेर गेलात तर रस्त्याला दोन्हीकडे पळस पेटलेला असतो आणि कडईची पांढरी खोडं पानगळीनंतर उघडी पडलेली.

मार्चच्या मध्यानंतर वही बंद. ऊन एक कारण, दुसरं मोह आणि पुढे तेंदूपत्ता. त्या काळात माणसं पहाटेच्या अंधारात जंगलात वाकून काम करत असतात आणि वाघाशी गाठ पडण्याच्या घटना तेव्हाच जास्त होतात. हौशी लोकांनी तिथे गर्दी वाढवायचं कारण नाही. एप्रिल-मेमध्ये अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात सकाळी साडेसहापर्यंत फेऱ्या, एवढंच.

पुढचं: अंबागड. तुमसरकडचा हा किल्ला पावसाळा ओसरल्यावर हिरव्यागार जंगलात बघायचाय, आणि जमलं तर त्याच दिवशी गायमुख. पोळा-मारबत आटोपली की येणाऱ्या दुसऱ्या रविवारी निघू. रामटेक-तुमसर रस्त्यानं, ऑटोमोटिव्ह चौकातून पहाटे पाच वाजता. गाडीत दोन जागा आहेत. तर्री पोहे वाटेत, दुपारचा डबा आपापला. पोटरीची नळी नसेल तर आधी कळवा, शिंप्याला दोन जास्तीच्या सांगून ठेवतो.