पीटीओवर गेलेला दुपट्टा

मृग तोंडावर आला की आमच्या वर्कशॉपवर जेवायलाही सवड मिळत नाही. आर्वी-पुलगाव रस्त्याच्या आजूबाजूची गावं माझ्याकडे येतात. कोणाच्या पंजीचे फाळ झिजलेले, कोणाच्या पेरणी यंत्राची चेन तुटलेली, कोणाचं लिफ्टच उचलत नाही. त्यातच एका काकांचा फोन आला.

"मिस्त्री, रोटावेटर उचलला का खडखड आवाज येते. एकानं गिअरबॉक्स खोलाले सांगतलं. तुमी एकदा येऊन पाहा ना."

काकांचा संत्र्याचा बगीचा आहे, झाडं अठरा बाय अठरा फुटांवर. मोठा ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडतात, म्हणून त्यांनी वीस एचपीच्या आतला मिनी ट्रॅक्टर घेतला होता. रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार, मात्र जुना, शेजारच्या गावातून आणलेला. आधी तो वेगळ्या, जरा मोठ्या ट्रॅक्टरला लागत होता आणि त्याच ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट सोबत आला होता. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचं फिरतं टोक, आणि त्याची ताकद अवजारापर्यंत नेणारा दांडा म्हणजे हा शाफ्ट. फोनवर हे ऐकलं तेव्हाच मला वाटलं की गिअरबॉक्स बिचारा चांगला असणार.

दुपारी अकराला पोचलो. ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. ट्रॅक्टर गोठ्याजवळ लिंबाखाली उभा होता. मी आधी मागून पाहिलं, माझी सवयच आहे ती. टॉप लिंकला, म्हणजे अवजाराला वरून धरणाऱ्या कडीला, १९ मिलिमीटरची पिन लागते, तिथं बारीक बोल्ट घातलेला. तो भोकात लगलग हलत होता. खालच्या दोन्ही पिना बरोबर, २२ च्या, पण अवजार बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या, चेक चेन, इतक्या सैल की रोटावेटर हातानं ढकलला तरी डावीउजवीकडे झुलायचा. पीटीओच्या टोकाला शाफ्टची दाबायची लॉक पिन तुटली होती. तिच्या जागी कोणीतरी आरपार बोल्ट ठोकला होता आणि नटाच्या पुढं त्याचे आटे इंचभर बाहेर आले होते. शाफ्टवर प्लास्टिकचं गार्ड नव्हतं.

"गार्ड कुठं आहे काका?"

"गोठ्यात हाय. ग्रीस माराले आडवं येते म्हणून काढून ठेवलं."

मी तिथंच "आता चालू करायचं नाही" असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. आवाज कुठून येतो ते एकदा कानानं ऐकावं, मग खोलावं, एवढाच विचार डोक्यात होता. काकांचा सतरा वर्षांचा पोरगा सीटवर बसला, इंजिन चालू केलं, पीटीओ टाकला आणि लिफ्टचा दांडा हळूच ओढला. रोटावेटर जमिनीवरून वीतभर उठला आणि खडखड सुरू झाली. काका माझ्या बाजूला होते. डोक्याला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा त्यांनी सावलीत आल्यावर सोडून नुसता खांद्यावर टाकला होता. ते वाकले आणि बोट दाखवून म्हणाले, "हे पाहा, इथून..."

दुपट्ट्याचं टोक खाली लोंबलेलं मला दिसलं. ते बोल्टाला लागलेलं मात्र मी पाहिलंच नाही. काकांच्या खांद्यावर दुपट्टा होता आणि पुढच्या क्षणी नव्हता, एवढंच आठवतं. काका गुडघ्यावर आले होते, हात मानेवर. पोरानं क्लच दाबला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला नऊ. त्या जोडाचा घेर साधारण फूटभर धरला, तर सहा-सात फुटांचा दुपट्टा गुंडाळायला पूर्ण एक सेकंदही लागत नाही. माणसाचा हात तेवढ्या वेळात खिशातून बाहेरही निघत नाही. दुपट्ट्याचा एक जरी वेढा गळ्याभोवती असता तर हा मजकूर मी लिहीत नसतो.

इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली. काकांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मानेच्या डाव्या बाजूला लाल पट्टा उठला होता, रक्त नव्हतं. ते काहीच बोलत नव्हते. पोराचे हात थरथरत होते, म्हणून त्याला कामाला लावलं. "ये, हे कापू लाग."

पण ते कापड हातानं सुटेना. वेढ्यावर वेढा बसून त्याचा दोरखंडासारखा टणक गोळा झाला होता, ग्रीसमध्ये काळा पडलेला, आतून गरम. करपलेल्या कापसाचा वास येत होता. हॅकसॉच्या पात्यानं एकेक थर कापत खाली गेलो, तेव्हा सगळ्यात आत, बोल्टाच्या आट्यांमध्ये रुतून बसलेली पांढऱ्या-लाल काठाची चिंधी निघाली. पोरगा ती बराच वेळ बोटांत धरून होता.

मग कामाला लागलो. आता घाई नव्हती.

शाफ्ट उतरवला आणि दोन्ही तुकडे वेगळे केले. चौकोनी नळीत चौकोनी दांडा, असा तो शाफ्ट. चौकोनी असल्यानं तो चारही बाजूंनी आत जातो आणि घोळ तिथंच होतो. दोन्ही टोकांची कैची, म्हणजे जोडाचा दोन बोटांसारखा फाटा, एका रेषेत यायला हवी. इथं एक उभी आणि एक आडवी होती. "ग्रीस मारून परत कोणी बसवला?" विचारलं तर पोरानं मान खाली घातली. त्याला रागावलो नाही. हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. क्रॉस असलेला जोड तिरपा फिरला की एकाच फेऱ्यात कधी जलद, कधी सावकाश होतो. दुसऱ्या टोकाचा जोड तो फरक खाऊन टाकतो, पण दोन्ही कैच्या एका रेषेत असतील तरच. पाव फेरा चुकला की दुसरा जोड तो फरक वाढवतो. रोटावेटर जितका वर उचलाल तितका तिरपेपणा वाढतो आणि खडखडही. मी पोराला खडूनं दोन्ही नळ्यांवर रेघ मारून दिली. नंतर छन्नीनं कायमची खूण केली.

लांबीचा घोळ याहून वाईट होता. शाफ्टचा एक तुकडा ट्रॅक्टरला, दुसरा रोटावेटरला लावून बाजूबाजूला धरले. लिफ्ट हळूहळू वर-खाली करून दोन्ही टोकं सगळ्यात जवळ येतात ती जागा शोधली. तिथं नळी आत पूर्ण भिडत होती, बोटभरही जागा नव्हती. म्हणजे प्रत्येक उचलीला तो लोखंडी दांडा एका बाजूनं ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला आणि दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सला ठोसे देत होता. आणखी एक हंगाम असाच गेला असता तर गिअरबॉक्स खरंच खोलावा लागला असता. अडीच सेंटिमीटर मोकळं राहील अशा हिशोबानं आतला दांडा, बाहेरची नळी आणि गार्डच्या दोन्ही नळ्या सारख्याच मापानं कापल्या. कानसीनं धार मारली, ग्रीस लावलं. काम करताना दोन्ही तुकडे एकात एक निदान वीतभर तरी असावेत, तेही मोजून पाहिलं.

टॉप लिंकला योग्य पिन घातली. पूर्वी मी बुदनीच्या केंद्रीय शेतयंत्र प्रशिक्षण संस्थेत काही दिवस होतो. तिथल्या शिक्षकांनी फळ्यावर एक त्रिकोण काढून वरची एक आणि खालच्या दोन, अशा तीन कड्यांची ही जोडणी समजावली होती. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं ती बसवली, १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती आली. नांगर दगडाला अडकला की वरची कडी पुढं ढकलते आणि ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबून धरते, नाहीतर हलका ट्रॅक्टर मागं उलटतो. पण रोटावेटरला टॉप लिंकचं काम निराळं आहे. पीटीओचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट समांतर राहतील इतकीच ती लांब ठेवायची. बहुतेक लोक खोली वाढवायला टॉप लिंक फिरवतात. खोलीसाठी बाजूच्या स्किड पट्ट्या असतात, त्या खाली-वर करायच्या.

गोठ्यातून गार्ड काढलं. तडा गेलेला होता, पण चालण्यासारखा. कापलेल्या नळ्यांवर बसवला, त्याची बारीक साखळी लिफ्टजवळच्या न फिरणाऱ्या भोकात अडकवली, म्हणजे शाफ्ट फिरला तरी गार्ड फिरत नाही. आरपारचा तो बोल्ट काढून नवी लॉक पिन बसवली. चेक चेन आवळल्या. उजव्या लिफ्ट रॉडचं हँडल फिरवून रोटावेटर सपाट केला.

चार वाजता बगीच्यात दोन ओळी काढल्या. आवाज नाही. काळ्या मातीची ढेकळं छान फुटत होती. धुऱ्यावर चढताना पुढची चाकं हलकी झाली तेव्हा पोराला थांबवलं आणि पुढं वजनं लावायला सांगितलं. वळताना पीटीओ बंद करूनच उचलायचं, हे त्याच्याकडून चार वेळा करून घेतलं.

परतलो तेव्हा काकूंनी चहा आणला. त्या दिवसभर बाजाराला गेल्या होत्या. कप देताना त्यांनी काकांकडं पाहिलं. "मानेले का झालं तुमच्या?"

काका गप्प. मीही गप्प. पोरगाच बोलला. सगळं बोलला, गार्ड, बोल्ट, दुपट्टा, आणि चिंधी खिशातून काढून दाखवली.

काकूंनी कप खाली ठेवला आणि ट्रॅक्टरजवळ गेल्या. पिवळ्या गार्डवर हात ठेवून तो हलवून पाहिला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "हे आता निघत नाही ना भाऊ?"

"पान्यानं निघते काकू," मी म्हटलं. "काढू देऊ नका."

त्यांनी पोराच्या हातातून तो पाना घेतला आणि घरात नेऊन ठेवला.