डिश गच्चीवर, पिक्चर वायफायवर

डीटीएचवाल्यांचे फोन येतात ना हल्ली, "सर, तुमच्या डिशवरच आता सगळे ओटीटी, एकाच रिचार्जमध्ये", ते ऐकायला भारी वाटतं पण खरं सांगायचं तर डिशवर त्यातलं काहीच येत नाही. डिशवर येतात फक्त चॅनेल. तुम्ही मागाल तेव्हाचा सिनेमा, काल राहून गेलेला एपिसोड, हे सगळं घरातल्या ब्रॉडबँडवरून येतं, ज्याचं बिल तुम्ही आधीच वेगळं भरताय. आमच्या सोसायटीत मध्यंतरी यावरून बरीच जुंपली (मीटिंग मुळात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची होती, डिश काढायच्या का ठेवायच्या असा फाटा फुटला) आणि कळलं की हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्यांनाही हे धड माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उपग्रह बसलेला असतो विषुववृत्ताच्या वर, साधारण ३६,००० किलोमीटरवर, आणि आपण त्याच्या उत्तरेला. त्यामुळे पुण्यातली कुठलीही गच्ची बघा, एकही डिश उत्तरेकडे तोंड करून दिसणार नाही. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, म्हणून त्यांच्या डिश दक्षिणेकडे बघतात, किंचित पूर्वेला कलून. एअरटेलचा १०८ अंशांवर, त्यामुळे त्यांच्या पार पूर्वेकडे वळलेल्या. एकदा हे डोक्यात बसलं की नाव न वाचता लांबूनच सांगता येतं कोणाकडे कुठली कंपनी ते, रिकामा उद्योग आहे पण मजा येते. जुन्या बिल्डिंगवर अजून एखादा ॲल्युमिनियमचा अँटेना गंजत उभा असतो, तो सिंहगडाकडे बघतो, कारण १९७३ पासून मुंबई दूरदर्शन आपल्याकडे सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचं.

तर मुद्दा असा की उपग्रह म्हणजे गणपती मंडळाचा भोंगा. सगळ्या पेठेला एकच गाणं ऐकू जाणार, तुम्हाला दुसरं हवं असेल तर गॅलरीतून कितीही ओरडा, भोंग्याला कान नसतात. घरातली डिश फक्त घेते, वर काही पाठवत नाही. आणि समजा पाठवलं असतं तरी उपग्रहावर जागा मोजकीच असते, एका ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरचा सिग्नल खाली पाठवणारा एक संच) वीसेक साधे चॅनेल बसले तरी डोक्यावरून पाणी, तिथे देशभरातल्या प्रत्येक घराला आपापला वेगळा सिनेमा सोडायला जागा आणणार कुठून.

मग कंपन्यांनी जुगाड काढले, आणि हे जुगाड मला मनापासून आवडतात. पहिला म्हणजे एकच पिक्चर शेजारशेजारच्या चार-सहा चॅनेलवर थोड्या थोड्या वेळाच्या फरकाने लावून द्यायचा. सात वाजता चुकला तर साडेसातला बघा. ब्रिटनमध्ये स्काय या डिशवाल्या कंपनीने १९९८ ला डिजिटल सुरू केलं तेव्हा सिनेमे असेच विकले. आपल्याकडे टाटा स्काय (म्हणजे आताचं टाटा प्ले) आलं २००६ ला (डिश टीव्ही त्याच्याही आधी, २००३), त्यांचं शोकेस आठवत असेल तुम्हाला, पैसे भरून पिक्चर ऑर्डर करायचा. ऑर्डर जायची फोनने किंवा एसएमएसने, कारण डिश बोलत नाही, पण परवानगी यायची आकाशातून, तुमच्या बॉक्समधल्या कार्डाच्या नंबरावर. म्हणजे सिग्नल सगळ्यांच्याच घरात पडत होता, कुलूप फक्त तुमचं उघडायचं. हे मला तेव्हा जादूसारखं वाटायचं आणि खरं तर अजूनही वाटतं.

या पे पर व्ह्यूच्या धंद्यात किती दम आहे ते २०१३ ला दिसलं. कमल हासनने 'विश्वरूपम' थिएटरच्या आधी डीटीएचवर दाखवायचं जाहीर केलं, तमिळसाठी हजार रुपये तिकीट. थिएटर मालकांनी असा काही गोंधळ घातला की तो बेत मागे घ्यावा लागला. आता लोक तेच काम मोबाईलवर करतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, माणूस सात वर्षं लवकर आला एवढंच.

दुसरा जुगाड हार्ड डिस्कचा. रात्री सगळे झोपले की उपग्रहावरूनच निवडक कार्यक्रम बॉक्सच्या डिस्कवर गुपचूप भरून ठेवायचे आणि सकाळी सांगायचं, घ्या, हवं तेव्हा बघा. ब्रिटनच्या स्कायने २००७ ला हे केलं. म्हणजे मागणी तुमची पण मेन्यू त्यांचा, आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही तेच चालतं. आपल्याकडे २००८ ला टाटा स्काय प्लस आला, त्यात निदान काय रेकॉर्ड करायचं ते तुम्ही ठरवत होतात.

आणि तिसरा जुगाड म्हणजे हात टेकणं. बॉक्सच्या मागे इंटरनेटची वायर खुपसा, झालं. २०१९ ला एअरटेलचा एक्स्ट्रीम बॉक्स आणि डिश टीव्हीचा स्मार्ट हब, २०२० च्या सुरुवातीला टाटा स्कायचा बिंज प्लस, हे सगळे अँड्रॉइडवर चालणारे बॉक्स, एका बाजूला डिशची केबल आणि दुसऱ्या बाजूला वायफाय. वापरायला छान आहेत, एकच रिमोट, आईबाबांना एचडीएमआय वन का टू हे शिकवावं लागत नाही. पण ज्याच्याकडे स्मार्ट टीव्ही आहे त्याला त्यात नवीन काय मिळतं ते मला कोणीतरी समजावून सांगा. पॅकमध्ये बारा-पंधरा ॲप मोजून दाखवतात, त्यातली निम्मी नावं आपण पहिल्यांदाच ऐकलेली. माझ्या ओळखीतल्या एकाने असाच पॅक घेतला, ज्या ॲपसाठी घेतला ते फक्त मोबाईलवर चालणाऱ्या प्लॅनमध्ये निघालं. कस्टमर केअरवाली म्हणाली, सर, अटींमध्ये लिहिलंय. लिहिलं होतंच.

मग डिश काढून टाकावी का? तर नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. मॅच असली की फरक कळतो. भोंग्याचा हाच तर फायदा, ऐकणारे कितीही वाढले तरी त्याला ताण येत नाही, दहा घरं बघोत नाहीतर दहा कोटी. स्ट्रीमिंगवर प्रत्येकाला वेगळी वायर ओढल्यासारखं असतं आणि वर मॅच काही सेकंद मागे, वरच्या मजल्यावरचे जोशी ओरडले की आमच्या पोराला कळतं विकेट पडली, त्याच्या मोबाईलवर बोलर अजून रनअप घेत असतो. हां, जुलैत सिंहगड रोडला धो धो सुरू झाला की डिश मान टाकते, त्या फ्रिक्वेन्सीचं पावसाशी वाकडंच आहे, पण दहा-पंधरा मिनिटांत परत येते. ब्रॉडबँडवाला एकदा गेला की तिकीट नंबर देतो.

तरी लोक सोडतायत. ट्राय या सरकारी नियामकाच्या आकड्यांत २०२१ ला पैसे भरणारी डीटीएच घरं सात कोटींच्या जवळ होती, मार्च २०२५ ला पावणेसहा कोटींच्याही खाली. त्यात काही फुकटच्या डीडी फ्री डिशवर गेले, काही ब्रॉडबँडवर. ब्रिटनच्या स्कायने तर २०२१ ला डिश नसलेला टीव्हीच विकायला काढला. उलट आपला जीसॅट-२४ उपग्रह २०२२ च्या जूनमध्ये सोडला, सगळी क्षमता टाटा प्लेसाठी आणि आयुष्य पंधरा वर्षांचं, म्हणजे इतक्यात गाशा गुंडाळायचा त्यांचा विचार दिसत नाही.

आमच्याकडे मी साधा एचडी बॉक्स ठेवलाय, मराठी चॅनेल आणि स्पोर्ट्स एवढाच पॅक, ओटीटी वेगळं, मुलांच्या लॉगिनने. राहिलेले एपिसोड आईला ॲपवर लावून देतो म्हटलं तर तिला ते नको, जाहिराती पळवता येत नाहीत म्हणते, त्यामुळे बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून दिलाय, ती स्वतः रेकॉर्डिंग लावते आणि दुपारी बघते. हा प्रकार कुठलीच कंपनी धड जाहिरात करून सांगत नाही पण बऱ्याच बॉक्सना चालतो. आता तो पेन ड्राइव्ह भरलाय. रेकॉर्डिंगला त्याच बॉक्सचं कुलूप असतं, दुसऱ्या बॉक्सवर किंवा लॅपटॉपवर ती उघडत नाहीत, आणि जुने एपिसोड डिलीट करायला आई तयार नाही, तेव्हा कंपनी बदलायचा विषय आमच्या घरात तूर्त बंद आहे.