ब्लेम देता येत नाही

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या बॅचला दिवसभर नोकरी करून आलेली माणसं असतात. कुणी एमआयडीसीत स्टोअर सांभाळतं, कुणी पतसंस्थेत काउंटरवर बसतं. त्यांना व्याकरणाचं पुस्तक नको असतं, उद्या सकाळी साहेबांना पाठवायची मेल हवी असते. आणि त्या मेलमध्ये ‘ब्लेम’ हमखास येतो, कारण काहीतरी बिनसल्याशिवाय मेल लिहायची वेळच येत नाही.

परवा एकाने लिहून आणलं होतं, ‘परचेस डिपार्टमेंट इज गिव्हिंग ब्लेम टू मी.’ शब्द इंग्रजी, पण वाक्य अस्सल मराठी. आपण दोष देतो, म्हणून ब्लेमही देऊन मोकळे होतो. इंग्रजीत सरळ ‘दे आर ब्लेमिंग मी’ म्हणायचं. नाम म्हणून वापरायचाच असेल तर ब्लेम दुसऱ्यावर ‘पुट’ करतात, अंगावर घ्यायचा तर ‘टेक’ करतात आणि काही न करता पदरात पडला तर ‘गेट’.

मग गाडी अडते ‘फॉर’ आणि ‘ऑन’पाशी. ‘दे ब्लेम मी फॉर द डिले’ आणि ‘दे ब्लेम द डिले ऑन मी’, दोन्ही बरोबर. इथे नियम सांगत बसण्यापेक्षा मी मराठीच पुढे करते. उशिराबद्दल मला दोष देतात, हे पहिलं. उशिराचं खापर माझ्यावर फोडतात, हे दुसरं. ‘बद्दल’ला फॉर, ‘वर’ला ऑन, एवढं सांगितलं की फळा पुसता येतो. फरक इतकाच, की खापर फोडलं म्हटल्यावर अन्याय झाल्याचा वास येतो, तसा इंग्रजी ‘ऑन’ला येईलच असं नाही. एकेकाळी तिकडच्या सोवळ्या व्याकरणवाल्यांना हा ‘ऑन’ खपत नसे. आता कुणी ढुंकून बघत नाही.

खरी मजा ‘हू इज टू ब्लेम?’मध्ये आहे. वर्गातलं ठरलेलं उत्तर: ‘कोण ब्लेम करणार आहे?’ चूक त्यांची नाही, रचनाच तशी फसवी आहे. दोष ज्याच्याकडे जातो त्याच्याबद्दल बोलायचं, आणि क्रियापद मात्र कर्तरी! शाळेत शिकलेलं पॅसिव्ह डोक्यात असलेले लोक ‘टू बी ब्लेम्ड’ करतात; तेही चालतं, पण बोलताना इंग्रज सहसा ‘टू ब्लेम’च म्हणतो. अशा वेळी मी खिडकीबाहेरच्या इमारतीकडे बोट दाखवते. तिथे ‘टू लेट’ची पाटी आहे. फ्लॅट काही कुणाला भाड्याने देणार नसतो, त्यालाच द्यायचं असतं. आणि शेजारच्या मराठी पाटीवर काय आहे? ‘भाड्याने देणे आहे.’ दिले जाणे आहे, असं कोण लिहितं? दोन्ही भाषांनी एकच शॉर्टकट घेतलाय. तरी या शॉर्टकटने खुद्द इंग्रजांनाही चकवलं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकात कित्येकांनी हा ‘टू’ म्हणजे ‘फार’ या अर्थाचा टू समजून तसं स्पेलिंग केलं आणि ब्लेमला ‘दोषी’ या अर्थाचं विशेषण करून टाकलं. त्यामुळे वर्गात या वाक्याला मी मार्क कापत नाही.

जाता जाता एक: ब्लेम आणि ईश्वरनिंदेचा ‘ब्लास्फेमी’ हे सख्खे भाऊ, मूळ ग्रीक. ब्लेम फ्रेंचमधून येताना पार झिजला.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘आय डोन्ट ब्लेम यू’चा. पतसंस्थेतल्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, म्हणजे माझी चूक नाही, असंच ना?’ नेहमी नाही. ती नोकरी सोडायच्या विचारात आहे. तिथला पगार आणि कामाचे तास ऐकून मी म्हटलं, ‘आय डोन्ट ब्लेम यू.’ मराठीत म्हणाले असते, ‘तुझंही बरोबरच आहे म्हणा.’ त्यातला तो ‘म्हणा’ इंग्रजीत कुठे बसवायचा, हे तिने लगेच विचारलं. ते आवाजातच बसवावं लागतं. मग ‘ब्लेम’वर जोर देऊन आणि न देता आम्ही ते वाक्य आळीपाळीने म्हणून बघितलं.