इसिफेफेथो
आठवडाभर खोकल्याने हैराण होते. आज डर्बनच्या वॉर्विक बाजारात गेले. तिथे अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलावर औषधी साली-मुळांचा बाजार भरतो. एका झुलू मावशींनी बोटाएवढा कंद हातावर ठेवला. इसिफेफेथो, म्हणजे आफ्रिकन आलं. झुलू लोक सर्दी-खोकल्यावर, दम्यावर ते कच्चंच चघळतात. वास थेट आल्याचा! आजी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरायला लावायची, ते आठवून डोळे भरून आले.

पण खणून खणून इथल्या क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या रानातून हे झाड नाहीसंच झालंय, याचं फार वाईट वाटतं. म्हणून आधी विचारलं, "रानातलं की लावलेलं?" "अंगणातलं," मावशी म्हणाल्या. मग दोन कंद घेतले. एक चघळतेय, दुसरा कुंडीत लावलाय.