जामीनकीची सही आणि आमच्या घरचा हिशेब

आमच्यात पैशावरून जे मोठं वाजलं, त्याचं कारण एक ट्रॅक्टर. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याकडे राहतो. हे अंबडच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. सासर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. तिथे सासू-सासरे, धाकटे दीर आणि जाऊबाई राहतात. बाग दीर बघतात.

फ्लॅटवर थोडं वाढीव कर्ज घेऊन गळकं बाथरूम आणि स्वयंपाकघराचा ओटा नीट करायचं आम्ही ठरवलं होतं. बँकेतल्या साहेबांनी यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला, कागद आमच्याकडे फिरवला आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली. ट्रॅक्टरचं कर्ज, जामीनदार म्हणून यांचं नाव, आणि एक सहामाही हप्ता थकून उशिरा भरलेला. मी यांच्याकडे बघितलं. हे टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

जामीनकी म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नाही, माझं रोजचं कामच ते आहे. लोकांना वाटतं, आधी कर्जदाराच्या मागे लागतील, त्याच्याकडून काहीच निघालं नाही तर मग आपल्याकडे येतील. तसं नसतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आमच्याकडे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला की नोकरदार जामीनदार सगळ्यात आधी सापडतो, कारण त्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या जागी येतो. पगारातून कपात सुरू झाल्यावर बायकोला घेऊन काउंटरवर आलेली माणसं मी पाहिली आहेत. तिला तिथे उभी असतानाच पहिल्यांदा कळत असतं.

घरी आल्यावर मी एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"भाऊ आहे माझा. त्याला नाही म्हणू? आणि तुला सांगितलं असतं तर तू कायदा काढला असतास."

"काढला असता. सही करू नका असं कदाचित म्हटलंही नसतं. पण अहो, उद्या तुमचा पगार कापला गेला तर घराचा हप्ता कोण भरणार होतं? मीच ना?"

त्यावर यांनी माझ्या आईचा विषय काढला. माझी आई धुळ्याला एकटी असते, तिला मी दर महिन्याला 3,000 रुपये पाठवते. "ते मी कधी विचारलं का तुला?" मग मी गावच्या पैशांचा विषय काढला. ऑक्टोबर छाटणी आली की इथून पैसे जाणार, एप्रिलची खरड छाटणी आली की पुन्हा जाणार, आकडा दर वेळी वेगळा आणि मला कळणार पैसे गेल्यावर. असं करत करत बारशाच्या आहेरापर्यंत सगळं बाहेर आलं. त्यानंतर अबोला. डब्याला काय हवं आणि पाणी आलं का, एवढंच बोलणं.

सल्ले भरपूर मिळाले. मावशी म्हणाली, बाईने खरा पगार सासरी सांगूच नये. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, सगळं सरळ निम्मं-निम्मं करून टाक. मावशीचं मला पटलं नाही, कारण लपवण्याचा त्रास तर मी भोगतच होते. मैत्रिणीच्या सल्ल्याचं काय झालं ते पुढे येईल.

एक गोष्ट इथेच लिहिते, कारण वाचणाऱ्यांत कुणाला तिची गरज असेल. आमचं भांडण दोन बरोबरीच्या माणसांचं होतं. जिथे नवरा एटीएम कार्ड काढून घेतो, पगार हिसकावतो, घरखर्चाला पैसे देत नाही किंवा मारतो, तिथे वही-पेन घेऊन बसण्याचा काही उपयोग नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही हिंसाचारच मानला आहे. अशा बाईने 181 या हेल्पलाइनला फोन करावा किंवा संरक्षण अधिकाऱ्यांना भेटावं.

आम्ही बसलो एका रविवारी सकाळी. रात्री जेवणानंतर हा विषय काढायचाच नाही, असं मी आधी सांगितलं होतं, कारण रात्री दोघंही थकलेले असतो आणि आवाज चढतो. मुलगा मैदानावर खेळायला गेला होता. त्याच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली. दोघांच्या पगाराच्या स्लिपा आणि पासबुकं टेबलावर ठेवली. यांच्या हातात 46,000 येतात, माझ्या हातात 31,000.

मग घरखर्च लिहिला. घराचा हप्ता 19,400. किराणा, दूध, भाजी मिळून 14,000. शाळा आणि व्हॅन 6,500. लाइट बिल, गॅस, इंटरनेट, सोसायटीचा मेंटेनन्स मिळून 4,600. सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं आणि आमचं दवाखान्याचं 2,500. एकूण 47,000. इथपर्यंत वाद नव्हता.

वाद गावच्या पैशांवर झाला. मी म्हटलं, ते तुमच्या पगारातून जाऊ द्या, घरखर्चात नको. बागेत आपल्याला काही मिळत नाही. गेल्या हंगामात माल नेलेल्या व्यापाऱ्याने अर्धे पैसे दिलेच नाहीत, फोन बंद करून गेला. आमच्या भागात हे दरसाल कुणा ना कुणाचं होतंच. त्याच्या आदल्या वर्षी मणी पाणी धरायला लागले आणि अवकाळी झाला, घड तडकले. पैसे टाकत राहायचे आणि आभाळाकडे बघायचं.

यांनी मला मध्ये तोडलं नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "अण्णांना रात्री दम लागतो तेव्हा दवाखान्यात कोण नेतं? आईला तपासायला पिंपळगावला कोण घेऊन जातं? दोघं इथे राहायला आले असते तर खर्च आणि धावपळ किती झाली असती? ते आपण कुठे लिहिलंय?"

हे वहीत कुठेच नव्हतं. मी माझ्या घरकामाचा हिशेब मागणार होते, आणि तोच हिशेब तिकडे दीर-जाऊबाईंच्या नावावर कुणी लिहीत नव्हतं. जाऊबाई पहाटे उठून मजुरांचा चहा करते, सासऱ्यांना वाफ देते, मग बागेत जाते. तिला पगार नाही. हे कळल्यावर गावचे पैसे माझ्या डोळ्यांना वेगळे दिसायला लागले.

पण मोकळा हातही मला मान्य नव्हता. बराच वेळ बोलून ठरलं ते असं. गावाला महिन्याला 5,000 बाजूला काढायचे, म्हणजे वर्षाचे 60,000, आणि ते दोन छाटण्यांच्या वेळी द्यायचे, कारण मजुरी आणि औषधं तेव्हाच लागतात. माझ्या आईचे 3,000 तसेच जाणार. हे दोन्ही खर्च घराचे, कुणा एकाचे नाहीत. यापेक्षा जास्त लागलं तर दोघांनी बोलून. बचत 6,000. सगळी बेरीज 61,000.

आता मैत्रिणीचं निम्मं-निम्मं लावून पाहिलं. प्रत्येकी 30,500. यांच्याकडे उरणार 15,500 आणि माझ्याकडे 500. हे स्वतःच आकडा बघून गप्प झाले. पगाराच्या प्रमाणात, म्हणजे साधारण 60 आणि 40 टक्क्यांनी वाटलं तर यांचे 36,600 आणि माझे 24,400. यांच्याकडे 9,400 उरतात, माझ्याकडे 6,600. उरलेल्या पैशांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. साडी घेतली की भेळ खाल्ली, कुणाला आहेर किती दिला, काही नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी दोघांचा वाटा जोडखात्यात जातो. हप्ता, शाळा, किराणा सगळं तिथून. ज्यांचे पगार सारखे आहेत त्यांना निम्मं-निम्मं जमत असेल, पण पगारात असा फरक असताना ते बरोबरीचं दिसतं, असत नाही.

दुसरं पान कामांचं. हे पान जास्त जड गेलं. केंद्र सरकारच्या 2024 च्या पाहणीत स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात जातो असं निघालं, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचा 88. यांनी आधी पाहणीवर शंका घेतली. मग आमच्या घरातली कामं लिहिताना माझ्या नावापुढची रांग पान उलटून गेली. मला काम करण्याचं दुःख नाही. मला दमवतं ते लक्षात ठेवणं. गॅसचा नंबर कधी लावायचा, औषधांची पट्टी कधी संपते, उद्या शाळेत पांढरे बूट की काळे. हे माझ्या डोक्यात सुरू असतं, आणि "सांग ना, काय करू" असं विचारणाऱ्याला सांगणं हेही कामच.

म्हणून आम्ही कामं तुकड्यांत वाटली नाहीत, आख्खी दिली. शाळा पूर्ण यांच्याकडे. फी, व्हॅन, पालकसभा, प्रोजेक्टचा कार्डशीट आणि वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुपसुद्धा. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले आणि शाळेत यांचा नंबर दिला. तरी बाईंचा फोन मलाच यायचा. व्हॅनवाले काकाही, "मॅडम, उद्या गाडी येणार नाही," असं मलाच कळवायचे. मी दर वेळी सांगायची, "काका, साहेबांना फोन करा, ते बघतात." सुरुवातीला एकदा चित्रकलेच्या परीक्षेला मुलगा रंगपेटीशिवाय गेला. माझा जीव तुटला, पण मी मध्ये पडले नाही. आता ग्रुपवर सगळ्यात आधी उत्तर यांचं असतं आणि मुलगा शाळेतलं काही असलं की थेट बाबांकडे जातो. स्वयंपाक माझ्याकडे राहिला, तो मला आवडतो. पण रविवारची रात्र आणि भाजी आणून निवडून ठेवणं यांचं.

ट्रॅक्टरचं मात्र वहीत मिटणारं नव्हतं. दिलेली जामीनकी मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही. कर्ज देणाऱ्याने दुसरा जामीनदार मान्य केला तरच सुटका. आम्ही विचारून पाहिलं, त्यांनी दिलेला माणूस घेतला नाही. मग आम्ही निफाडला गेलो आणि भाऊजींसमोर बसलो. हे बोलणं यांनी करावं असं मी आधीच सांगितलं होतं. वहिनीने येऊन हिशेब मागितला अशी गोष्ट व्हायला नको होती. यांनी शांतपणे सांगितलं, "हप्ता चुकला तर पगार माझा कापला जाईल. अडचण असेल तर तारखेच्या आधी सांग, नंतर नको."

भाऊजींचा चेहरा उतरला. बागेत फवारणीचा ब्लोअर ओढायला ट्रॅक्टर लागतोच, भाड्याचा वेळेवर मिळत नाही आणि डावणीला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला, एक फवारणी चुकलेली चालत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. तेवढ्यात चहा घेऊन आलेली जाऊबाई म्हणाली, "तुम्हाला निदान कागदावर तरी कळलं, ताई. मला तर ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यावर कळलं." त्यावर कुणीच काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून हप्त्याची पावती भाऊजी आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकतात, जाऊबाईसकट. आमच्याकडे आम्ही एका हप्त्याइतकी रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत अडकवून ठेवली आहे. तिला हात लावायचा नाही. दरवर्षी एकदा दोघांचे क्रेडिट रिपोर्ट काढतो. 2017 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने हे रिपोर्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. फार कमी लोक तो काढतात.

फ्लॅटचंही थोडक्यात सांगते. तो लग्नाआधी यांच्या नावावर झालेला, हप्ता मात्र दोघांच्या पगारातून जातो. जोडखातं काढल्यावर हा प्रश्न आपोआप समोर आला. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे ना, असं हे म्हणाले. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा आणि आई यांना सारखा वाटा जातो. आईला वाटा मिळण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मी भरत असलेल्या हप्त्याची नोंद कुठेतरी हवी. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार लागू असेल तिथे तो वेगळा. घर गहाण असल्याने बँकेची लेखी संमती लागते. निम्म्या हिश्शाच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडून करून घेतला आहे, बँकेचं पत्र आलं की दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी. यांनी हे सासूबाईंना आधी फोन करून सांगितलं. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "तिचेही पैसे जातात ना त्यात? मग कर."

सगळं सुरळीत झालंय असं नाही. बाथरूमचं काम अजून व्हायचंय, वाढीव कर्ज आम्ही सध्या घेतलं नाही. सध्याचा वाद मुलाच्या शाळेचा आहे. यांना त्याला सीबीएसईच्या शाळेत घालायचंय, फी जवळजवळ दुप्पट आहे. माझ्या मते आत्ताची शाळा चांगली आहे आणि ते पैसे बचतीत जायला हवेत. दोन रविवार यावर बसलो, जमलं नाही. एप्रिलमध्ये यांची पगारवाढ कळेल, तोवर विषय वहीत लिहून ठेवलाय.