रेवदंडा-चौल: काशिदला जाताना गाडीतूनच मागे टाकलेलं गाव

नागपूरचा माणूस समुद्राला जातो तो हिशोब करूनच. एवढे आठशे-साडेआठशे किलोमीटर जाऊन राहिलो ना, मग अलिबाग, काशिद, मुरुड, जंजिरा सगळं एका दमात उरकून टाकू. चार वर्षांपूर्वी आम्ही तेच केलं होतं, आणि रेवदंडा नावाचं गाव गाडीच्या काचेतून दीड मिनिट दिसलं. रस्ता एका काळ्या दगडी तटातून आत शिरला, दोन्ही बाजूंना नारळ-सुपारी, मग लगेच खाडीचा पूल. ड्रायव्हर म्हणाला किल्ला आहे, पण पाहण्यासारखं काही नाही. ते डोक्यात राहून गेलं होतं. यावेळी २६ जानेवारीची गर्दी ओसरल्यावर चार दिवस काढले आणि मुक्काम रेवदंड्यातच ठोकला. मी, बायको, नऊ वर्षांची पोरगी आणि आई.

जायचं कसं ते आधी. रात्रीच्या दुरांतोने सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे, गेटवेहून बोटीने तासाभरात मांडवा, आणि बोटीच्याच तिकिटात मांडवा ते अलिबाग बस. अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर, एसटी आहे, रिक्षा आहे, मुरुडची कोणतीही गाडी चालते. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी बसा. आमची चूक म्हणजे सामान. गेटवेच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या, कधीकधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकून जावं लागतं, आणि आम्ही दोन ट्रॉली बॅगा अन् गुडघे दुखणारी आई घेऊन उभे. म्हातारं माणूस सोबत असेल तर सरळ भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट घ्या, तिथं रॅम्पवरून चालत आत जाता येतं. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, मग पनवेल-पेण करत रस्त्याने. बाकी बोटीमागे ते पांढरे पक्षी लागतात ना, त्यातच पोरगी सगळा तास खूश होती.

रेवदंड्यात हॉटेल शोधू नका, वाडीत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतल्या घरी राहा. आम्ही आधी जे बुक केलं होतं ते फोटोत समुद्राला लागून होतं आणि प्रत्यक्षात दीड किलोमीटर आत, वर समोर डुकराचा उकिरडा. ॲडव्हान्स गेला तो गेलाच. मग एसटी स्टँडजवळ चहावाल्याला विचारून एका काकूंच्या वाडीत दोन खोल्या मिळाल्या, आणि खरं सांगतो, ते झालं नसतं तर ही ट्रिप मागच्यासारखीच झाली असती. कारण ती वाडी किल्ल्याच्या आतच. किल्ला म्हणजे आपल्याला वाटतं चढून जायचा, तिकीट काढायचं, उतरायचं. इथं तटाच्या आत अख्खं गाव नांदतंय. आपल्या नागपूरच्या महाल भागात गांधीगेट या जुन्या दरवाजातून कशी गाड्यांची रोजची ये-जा, तसंच, फक्त इथं तट मैलभर पसरलेला आणि त्यात वडाची मुळं घुसलेली. कोणाच्या विहिरीमागे पोर्तुगीज चर्चची कमान, कोणाच्या गोठ्याला तटाचीच भिंत.

बोर्ड नाहीत म्हणून थोडं वाचून जा, नाहीतर नुसते दगड दिसतील. थोडक्यात सांगतो. रेवदंड्याला लागूनचं चौल हे खूप जुनं बंदर, अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणायचे. मध्ययुगात बहमनी आणि नंतर निजामशाहीचा माल इथून जायचा आणि घोडे इथं उतरायचे. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथंच उतरला, तोही विकायला एक घोडा घेऊन. वास्को द गामाच्या आधीची गोष्ट आहे ही. त्याने लिहून ठेवलंय की मी जाईन तिथं लोक मागे मागे येतात, गोरा माणूस पाहून चकित होतात. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, नंतर परत मिळाला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचा काळा स्मारकस्तंभ आहे, आम्ही शाळेत विचारून आत गेलो, कोणी अडवलं नाही. मग १५०८ मध्ये इथल्याच समुद्रात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मेला. पोर्तुगीजांनी तरी पाय रोवलेच, १५२१ च्या सुमारास कोट बांधायला घेतला, १५७०-७१ ला निजामशहाने वेढा घातला तोही निभावला, आणि शेवटी १७४० ला मराठ्यांकडे आलं.

सातखणी म्हणून एक मनोरा आहे, चर्चचा. नाव सात खणांचं, उभे चारच. खाली तोफा, गोळे पडलेले. आम्ही पोचलो तेव्हा एका बाईने तिथंच खाली सुपारी वाळत टाकली होती, आणि पोरगी गोळे मोजता मोजता सुपारीत गेली तर त्या बाईने तिला ओरडायच्या ऐवजी एक फोडून दाखवली. ओली सुपारी आतून कशी असते, मला माहीतच नव्हतं.

तटाची खरी मजा बाहेरून, समुद्राच्या बाजूने, आणि ती ओहोटीलाच. भरतीला पाणी पार भिंतीपर्यंत येतं. आम्ही पहिल्या दिवशी तसेच निघालो आणि अर्ध्यातून बूट हातात घेऊन परतलो. संध्याकाळी वाडीतले काका हसले आणि त्यांनी हिशोब शिकवला, तो इथं देतो कारण मोबाईलला रेंज नसली तरी चालतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. दशमी असेल तर साडेसात. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजा. थोडं मागेपुढे होतं, पण दुसऱ्या दिवशी आम्ही काकांच्या हिशोबाने गेलो तर अख्खा तट पायी फिरलो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप मागे जातं, हे पण लक्षात ठेवा.

पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला लांबट, एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी चढा, छोटा पण खडा चढ आहे, आई दीपगृहापाशीच सावलीत बसली. पाणी सोबत न्या. पण मला किल्ल्यापेक्षा गाव लक्षात राहिलं. तिथले ख्रिश्चन लोक घरी जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली, तिला ते नॉलिंग म्हणजे आमची भाषा म्हणतात, बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली आणि ती अजून चालू. एक मावशी मासे निवडत होत्या, सुनेशी त्या भाषेत, आमच्याशी झकास मराठीत. आई मला हळूच म्हणे, "काहून रे, आपली वऱ्हाडी ऐकून हे लोक असेच पाहत असतीन ना?"

चौलला रामेश्वराचं देऊळ, टेकडीवरचं दत्तमंदिर आणि रेवदंड्यातलं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ), एवढं एका दिवसात रिक्षाने होतं. रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे, पाऊस लांबला की उघडायची प्रथा. आई म्हणाली हे नागपूरला मे महिन्यात न्यायला पाहिजे. जंजिरा आम्ही यावेळी केला नाही, तुम्हाला करायचाच असेल तर राजपुरीहून सकाळची पहिली बोट धरा.

खाण्याचं. सावजीची जीभ घेऊन जाऊ नका. दोन दिवस मी "काकू, थोडं तिखट वाढवा ना" करत होतो, तिसऱ्या दिवशी जिताडा माशाच्या कालवणावर गप्प झालो. थंडीत गेलात तर पोपटी सोडू नका, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून ते उलटं करून वर पेंढा-गोवऱ्या पेटवतात. अर्ध्या-पाऊण तासाने काका मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्रर्र झालं की तयार. शाकाहाऱ्यांना नुसत्या शेंगा-बटाट्याची मिळते, आधी सांगावं लागतं.

परतताना आईने अलिबागचा पांढरा कांदा घेतला, वेणी घालून माळा करून विकतात, नुकताच यायला लागला होता. दोन माळा तिने बर्थच्या खिडकीला टांगल्या, आणि रात्री अकराला समोरच्या बर्थवरच्या काकांनी विचारलं, "ताई, हा एवढा वास कशाचा येऊन राहिला?" आईने एक कांदा तोडून त्यांच्या हातावर ठेवला, वर्ध्यापर्यंत दोघं कांद्याच्या भावावरच बोलत होते.