माणदेश: मेंढरांच्या मागनं

सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना कास, ठोसेघर आणि महाबळेश्वर आठवतं. त्याच जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक म्हणजे माण तालुका. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस कोसळतो आणि इकडे ५०० मिमी झाला तरी माणसं म्हणतात यंदा बरं वर्ष आहे. सह्याद्रीने ढग तिकडेच रिकामे करून घ्यायचे आणि इकडे नुसता वारा सोडून द्यायचा असा सगळा कारभार. भरवशाचा पाऊस म्हणजे परतीचा, तोही आला तर.

आम्ही दिवाळी झाल्या झाल्या गेलो आणि माझ्या मते हाच सीझन बेस्ट, कारण माळावरचं गवत पिवळं पडलेलं असतं पण वाळून गेलेलं नसतं, बाजरी निघालेली असते, ज्वारी हिरवी असते आणि मुख्य म्हणजे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाडासकट फिरते तळ, निघायच्या तयारीत असतात. पुण्याहून फलटणपर्यंत ऊस बघत जायचं, मग मोगराळे घाट चढला की सीन बदलतो. ऊस गायब, बाभळी, बोरी, उघडे बोडके डोंगर आणि लांबच लांब माळ. माझा मित्र म्हणाला अरे इथे काहीच नाहीये. मी म्हटलं थांब जरा.

माणदेश हा काही एक जिल्हा नाही. माण नदीच्या दोन्ही अंगाचा मुलूख तो माणदेश, म्हणजे साताऱ्याचा माण, सांगलीचा आटपाडी, सोलापूरचा सांगोला, आणि आजूबाजूचं कोणाला विचाराल त्याप्रमाणे कमीजास्त. नदी शिखर शिंगणापूरच्या डोंगररांगेत उगम पावते, दहिवडी, म्हसवड करत खाली जाते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीला भीमेला मिळते. नदी म्हणायचं खरं, पण पात्रात बराच काळ वाळू आणि बाभळीच जास्त दिसतात.

म्हसवडच्या अलीकडे रस्त्याला लागूनच एका शेतात वाडा उतरलेला दिसला आणि आम्ही गाडी बाजूला घेतली. दिवस मावळायला आलेला, दोघं जण वाघर लावत होते, म्हणजे दोरीची जाळी खुंट्यांवर गोल ताणून मेंढरांना रात्रीपुरतं कुंपण करायचं. घोडी बाजूला चरत होती, तिच्या पाठीवरचं बिऱ्हाड खाली उतरवलेलं, त्यात भांडी, घोंगडी, पीठ, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि एक कुत्र्याचं पिल्लू. चुलीपाशी एक आजी होत्या. "कुटनं आलासा?" मग पुढचा प्रश्न न विचारताच च्या टाकला. मी विचारलं आजी आता कुठवर जाणार, तर म्हणाल्या, "कराडाकडनं खाली कोकणात. हितं आता काय ऱ्हायलंय? जित्राबाच्या मागनं जायाचं, पावसाला माघारी यायाचं."

मग कोकरं सोडली. दिवसभर आया चरायला आणि ही पिल्लं मागे, त्यामुळे सुटल्या सुटल्या जो काय गलका झाला तो लिहून सांगता येणार नाही. शेकडो मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या, आणि त्यात प्रत्येक कोकरू आपल्याच आईपाशी. एक चुकून दुसरीकडे गेलं तर तिने हुंगलं आणि ढुशी देऊन हाकललं. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत, फक्त शेपट्या हलतायत.

शेतमालक पण तिथेच होता. मेंढरं शेतात बसवायची, रात्रभरात लेंड्या-मुताचं खत पडतं, त्याच्या बदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे. हा व्यवहार कोकणापर्यंत गावोगाव चालतो आणि बऱ्याच वाड्यांची शेतं वर्षानुवर्षं ठरलेली असतात. मला आधी वाटायचं हे लोक गवत दिसेल तिकडे जातात, तसं अजिबात नाहीये, पक्कं टाइमटेबल आहे.

मेंढरांत पण दोन तऱ्हा. काळी, काटक, जाड लोकरीची ती दख्खनी. आणि दुसरी जत तालुक्यातल्या माडग्याळची, अंगाने थोराड, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आणि नाक पोपटासारखं बाकदार. चांगल्या माडग्याळ बकऱ्याला, म्हणजे नर मेंढ्याला, लाखांत मागणी येते, थट्टा नाही. कार्तिकात आटपाडीला उत्तरेश्वराची यात्रा असते तेव्हा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो, तिथे हे बकरे गुलाल लावून, माळा घालून मिरवतात. खिल्लार बैल बघायचे असतील तर मात्र पौषात खरसुंडीला जा, सिद्धनाथाची यात्रा. खिल्लारात 'आटपाडी महाल' आणि 'म्हसवड' असे याच मुलखाच्या नावाचे प्रकार आहेत.

दुसऱ्या दिवशी राजेवाडीचा तलाव. १८७६ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून ब्रिटिशांनी माण नदी अडवून हा बांधायला घेतला. बंधाऱ्याच्या दगडी भिंतीवर उभं राहिलं की एका बाजूला एवढं पाणी आणि दुसऱ्या बाजूला तोच कोरडा माळ. म्हसवडात सिद्धनाथाचं जुनं देऊळ आहे, मार्गशीर्षात रथ निघतो, आणि घोंगडी घ्यायची असेल तर विणकराकडेच जा. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला माणूस, बाजूला चिंचोक्याची खळ, ती ताण्याला कुंच्याने फासायची म्हणजे सूत ताठ राहतं. कोकराच्या पहिल्या लोकरीचं ते जावळाचं घोंगडं, मऊ असतं, महाग पण असतं, आणि घासाघीस करायला मला तरी लाज वाटली कारण साध्या लोकरीला आता बाजारात कुणी विचारत नाही, कातरायची मजुरी पण निघत नाही म्हणे.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं आणि १९३९ साली इथे खुलं कारागृह सुरू केलं, भिंत नाही, कैदी कुटुंबासोबत राहून शेती करतात. अजूनही चालू आहे. आत शिरायला परवानगी लागते त्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. माडगुळं पण याच तालुक्यात, ते कुणाचं गाव हे मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. आणि भारतभर सोनं-चांदी गाळणारे जे गलाईवाले असतात ते बरेचसे आटपाडी, विटा, खानापूर पट्ट्यातले. पाऊस नाही म्हटल्यावर कोण मेंढरं घेऊन कोकणात गेलं, कोण सोनं वितळवायची मूस घेऊन पार दुसऱ्या राज्यात. माणमधल्या मोहीची ललिता बाबर पळत पळत २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस फायनलला पोचली, ते वेगळंच!

जेवण: बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम पेय), ठेचा. हॉटेलात माडगं मिळत नाही, कुणाच्या घरी ओळख काढावी लागते. मटण मिळतं आणि तिखट मिळतं, पुण्याच्या पोटाला जपून.

वाकडी वाट करून औंधला जायलाच पाहिजे. टेकडीवर यमाई देवी, आणि त्याच टेकडीच्या उतारावर औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३८ ला उभं केलेलं म्युझियम, त्यात रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं आणि चक्क ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प. खटाव तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यात! सोमवारी जाऊ नका, सुट्टी निघाली तर पंचाईत, आधी फोन करून विचारा.

शिखर शिंगणापूर शेवटी ठेवलं. शंभू महादेवाचं हेमाडपंती धाटणीचं देऊळ, दगडी वाट, खाली शिवाजी महाराजांच्या आजोबांनी, मालोजीराजांनी बांधलेला पुष्कर तलाव. या कोरड्या डोंगरावर येणाऱ्या एवढ्या भाविकांना पाणी कुठून पाजायचं हा प्रश्न त्यांनाही पडलेला दिसतोय. चैत्रात यात्रा असते आणि तेव्हा कावडी मुंगी घाटाने वर चढवतात, घाट म्हणजे रस्ता नव्हे, नुसता उभा कडा, माणसांची साखळी करून कावड हातोहात वर ओढायची. ऊन मरणाचं असतं, राहायला जागा मिळत नाही, गाडी खूप लांब लावावी लागते असं सगळेच सांगतात. तरी या चैत्रात जायचं ठरलंय, कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत.